बँकेतनं कोऱ्या नोटा आणून चार पैसे कमवायचे असतील तर आधी नंबराचे पहिले चार आकडे बघा

बँकेतनं दहाची कोरी गड्डी काढायची, कपाटात टाकायची आणि दहा वर्षांनी चौपट भावात विकायची, हा बेत आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात असतोय. मोबाईलवर रोज एखादा व्हिडिओ येऊन पडतोच, ट्रॅक्टरवाली पाचची नोट असेल तर लाखात जाणार, ७८६ असेल तर घर बांधून होणार, वगैरे वगैरे. ते सगळं बाजूला ठेवा. या नादातनं पैसे सुटतच नाहीत असं नाही, थोडेफार सुटतात, पण ते नोट जुनी होण्यातनं नाही, नंबरातनं सुटतात, आणि तो नंबर कुणाला पाहिजे हे तुम्हाला आधीच माहीत असेल तरच. म्हणून खाली जे सांगतोय ते ठेवा-आणि-विसरा छापाचं नाही. आणा, चाळा, दोनचार ठेवा, उरलेल्या बाजारात फिरवा, एवढंच.

पहिल्यांदा हिशोब करा, मग बँकेत जा

शंभर नोटांची एक गड्डी, म्हणजे पॅकेट, आणि अशा दहा गड्ड्या बांधल्या की बंडल. आपल्याकडं गड्डीलाच बंडल म्हणतात त्यामुळं काउंटरवर गोंधळ होतो, तर नीट "शंभर नोटांचं पॅकेट" म्हणून सांगायचं. दहाच्या पॅकेटाला हजार रुपये जातात. तेच हजार सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर दहा वर्षांत जवळजवळ दोन हजार होतात, काहीही न करता. म्हणजे तुमचं पॅकेट दहा वर्षांनी दोन हजाराला गेलं तर तुम्ही कमवलं काहीच नाही, बँकेशी बरोबरी केली, वर वाळवी, ओल, उंदीर, पोरांचे हात हा सगळा धोका तुमचा. आणि आज छापलेली साधी नोट दहा वर्षांनी दुर्मिळ होईलच कशाला? करोडोंनी छापल्या जातात, आणि तुमच्यासारखेच हजारो लोक कोरी पॅकेटं घालून बसलेत.

दोन हजारच्या नोटेचं उदाहरण घ्या. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं ती चलनातनं काढायचं जाहीर केलं, त्यानंतर कितीतरी जणांनी "आता ही सोन्याच्या भावात जाणार" म्हणून एकदोन मागं ठेवल्या. ९८ टक्क्यांच्या वर नोटा परत आल्या हे खरं, पण २०२५ च्या मध्यालासुद्धा सहा हजार कोटींच्या आसपासच्या नोटा बाहेरच होत्या. भागाकार करून बघा, तीन कोटी नोटा होतात. तीन कोटी नग ज्याचे आहेत त्याला दुर्मिळ कोण म्हणणार? आठवण म्हणून एक ठेवा की, पण गुंतवणूक म्हणून दहा ठेवल्या तर वीस हजार अडकले. ती अजून कायदेशीर चलन आहे, पण साध्या बँकेत बदलून मिळत नाही, रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक ऑफिसात जावं लागतं नाहीतर पोस्टानं पाठवावी लागते.

या नादाची एक चांगली बाजू म्हणजे तळ पक्का आहे. दहाची नोट दहाच्या खाली जात नाही. त्यामुळं चाळून परत फिरवायच्या पद्धतीत भांडवल अडकतच नाही, एकच हजार रुपये पुन्हापुन्हा फिरवता येतात. जातो तो तुमचा वेळ आणि पेट्रोल.

बँकेत कसं मागायचं

स्वतःचं खातं असलेल्या शाखेत जा, चेकनं किंवा स्लिपनं रीतसर पैसे काढा आणि कॅशियरला दहाच्या, वीसच्या कोऱ्या नोटा आहेत का विचारा. एटीएमचा इथं उपयोग नाही, बहुतेक शंभर-दोनशे-पाचशेच येतात आणि त्याही बऱ्याचदा वापरलेल्या. ज्या शाखेत करन्सी चेस्ट आहे, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडनं आलेला नोटांचा साठा जिथं उतरतो, तिथं कोऱ्या मिळायची शक्यता जास्त. प्रत्येक शाखेला चेस्ट नसते, तुमच्या शाखेतल्या शिपायाला विचारलं तरी कुठून कॅश येते ते कळतं. पतसंस्थेत आणि लहान सहकारी बँकेत कोऱ्या नोटा कमी, पण ओळख जास्त, त्यामुळं "आल्या की फोन करा" असं तिथंच सांगता येतं.

महिन्याचा पहिला आठवडा टाळा, पगार आणि पेन्शनची गर्दी असते. दुसरा आणि चौथा शनिवार बंद. लग्नसराई, गणपती, दिवाळीचं लक्ष्मीपूजन आणि ईद या आधीच्या पंधरवड्यात कोऱ्या नोटा कुणालाच पुरत नाहीत, त्यावेळी कॅशियरला त्रास देऊ नका. दुपारी जेवणानंतर, काउंटर मोकळा असताना जायचं. आमच्या भागात निम्मे कॅशियर कन्नड बोलणारे, कधी दावणगेरेकडचे, कधी मंगळूरकडचे, तर "सर, हत्त रूपायि होसा पॅकेट इद्र ओंदु कोड्री", म्हणजे दहाचं नवं पॅकेट असेल तर एक द्या, एवढं म्हटलं की काम अर्धं झालं, चेहराच बदलतो माणसाचा. मराठीतच बोलणार म्हणून हट्ट धरायची ही जागा नाही, आपल्याला नोटा पाहिजेत.

आणि एक, कोरी नोट मिळणं हा काही आपला हक्क नाही. खराब, मळकी, फाटकी नोट बदलून देणं बँकेला बंधनकारक आहे, दिवसाला २० नोटा आणि ५००० रुपयांपर्यंत फुकट बदलून देतात. पण कोरं पॅकेट देणं न देणं कॅशियरकडच्या स्टॉकवर. नाही म्हटलं तर नमस्कार करून यायचं. कुणी वर पन्नास द्या, शंभर द्या म्हणत असेल तर तिथं घ्यायचंच नाही, कारण जो थोडाफार नफा दिसतोय तो तिथंच संपतो.

पॅकेट हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी मोजून घ्या आणि खऱ्या-खोट्याची खात्री तिथंच करून घ्या. नंतर काही ऐकलं जात नाही.

आता खरं काम, पहिले चार आकडे

नोटेवर नंबर दोन ठिकाणी असतो, वर डावीकडं आणि खाली उजवीकडं, नव्या नोटांवर आकडे लहानापासून मोठे होत जातात. पुढं अक्षर-आकड्यांचा प्रीफिक्स आणि मग सहा आकडे. हे सहा आकडे म्हणजे तारीख धरायची, दिवस-महिना-साल. १५०८४७ म्हणजे १५ ऑगस्ट ४७. वाढदिवसाच्या तारखेची नोट म्हणून जे विकतात ते हेच, आणि सामान्य गिऱ्हाईक खरोखर पैसे देतं ते याच नोटेला, कारण त्याला नोटांमधलं काही कळत नसलं तरी स्वतःच्या पोराचा वाढदिवस कळतो.

आता गंमत बघा. कोऱ्या पॅकेटात नंबर ओळीनं असतात, शेवटचे दोन आकडे ०१ पासून सुरू होऊन शेवटची नोट ०० ची. म्हणजे वरच्या नोटेवर १५०८०१ दिसलं तर त्या पॅकेटात १५ ऑगस्टची ०१ पासून ९९ पर्यंतची सगळी सालं आली, आणि शेवटची १५०९०० ही झाली १५ सप्टेंबर २०००. त्यामुळं पॅकेट सोडायची, शंभर नोटा उलटायची गरजच नाही. वरच्या नोटेचे पहिले चार आकडे वाचायचे. पहिले दोन ०१ ते ३१ मध्ये आणि पुढचे दोन ०१ ते १२ मध्ये असतील, आणि अशी तारीख खरंच असेल, तर ते पॅकेट तारखेचं. नसेल तर नाही. दोन सेकंदाचं काम.

असं पॅकेट किती वेळा येणार? चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता, त्यात खऱ्या तारखा ३६६, म्हणजे साधारण २७ पॅकेटांत एक. पण ती अशी सुटी सुटी येत नाहीत. अख्ख्या दहा पॅकेटांच्या बंडलात पहिले तीन आकडे तेच राहतात, त्यामुळं १५० नं सुरू होणारं बंडल आलं तर त्यात १५ जानेवारी ते १५ सप्टेंबर अशी नऊ पॅकेटं एकदम, १५१ चं आलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरची तीन, आणि ४७३ चं आलं तर हात हलवत घरी. म्हणून कॅशियरशी ओळख झाल्यावर मागायचं ते एवढंच, "सर, तीन-चार वेगवेगळ्या बंडलांतलं वरचं पॅकेट जरा दाखवता का". चांगला माणूस असला तर दाखवतो. मागं रांग असली तर विचारायचंसुद्धा नाही.

आणि तारखेचं पॅकेट मिळालं म्हणजे ९९ नोटा विकल्या असं नाही हां. साल २७ ते ३९ मध्ये जन्मलेलं गिऱ्हाईक आज फारसं उरलेलं नाही आणि २०२७ चं अजून जन्माला यायचंय. चालतात ती साधारण १९५५ ते २०२५ पर्यंतची सालं, त्यातही लहान पोरांची, म्हणजे २०१० च्या पुढची, जास्त, कारण पहिल्या वाढदिवसाला, बारशाला, मुंजीला आई-बाप खर्च करतात. साठीच्या कार्यक्रमालासुद्धा नोट चांगली जाते, तिथं मुलगा-सून खर्च करतात.

आमच्या मातीतल्या तारखा

वाढदिवसाला गिऱ्हाईक शोधावं लागतं. काही तारखा मात्र अशा आहेत की आमच्या सीमाभागात त्यांना गिऱ्हाईक आपणहून येतं, आणि हे पुण्या-बेंगळूरच्या डीलरला सुचत नाही. माझ्या मते सगळ्यात भारी नोट म्हणजे २६१२२४. २६ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते याच अधिवेशनाला. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याचीच. नोटेवर गांधी, नंबरात बेळगाव, ते पण मराठी-कन्नड दोघांनाही चालणारं. फ्रेमखाली दोन ओळी छापल्या की शाळेच्या सत्काराला, रिटायरमेंटला, पाहुण्याला द्यायला एकदम योग्य वस्तू.

२६०१ चं पॅकेट आलं तर त्यात २६०१५० म्हणजे प्रजासत्ताक दिन तर आहेच, पण त्याच पॅकेटात २६०१३१ पण आहे, २६ जानेवारी १८३१, खानापूर तालुक्यातल्या नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली तो दिवस. २३१०२४ म्हणजे २३ ऑक्टोबर १८२४, कित्तूरच्या लढाईत राणी चन्नम्मानं इंग्रजांना हरवलं तो दिवस, कित्तूर उत्सवाच्या आधी ही दाखवायची. ०६०६७४ म्हणजे शिवराज्याभिषेक, हिला सांगायलाच नको. १९०२३० ही शिवजयंती, फक्त आमच्या बेळगावात चित्ररथांची मिरवणूक वैशाखात तिथीनं निघते, त्यामुळं इथल्या जुन्या माणसाला १९ फेब्रुवारी म्हटलं तर तो मान हलवतो आणि पुढं जातो, कोल्हापुरात नेऊन दाखवा.

आणि ०१११ चं पॅकेट. ०१११५६, १ नोव्हेंबर ५६, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस. ०१११७३, म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं तो. दोन्ही एकाच पॅकेटात, सतरा नोटांच्या अंतरावर. एका गल्लीत काळा दिवस, दुसऱ्या गल्लीत राज्योत्सव, आणि नोट दोन्हीकडं खपते. अर्थात कुणाला कुठली दाखवायची एवढं भान ठेवा की, उगीच दुकानात भांडण नको. १७०१५६, सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाची, आली तर ती मी विकायला काढत नाही, ज्याच्या घरातलं माणूस त्यात होतं त्याला तशीच द्यावी.

तसं बघितलं तर पन्नासच्या नोटेवर मागं हंपीचा रथ आणि वीसच्या नोटेवर वेरूळचं लेणं, भाषांच्या पट्टीत कन्नड वर आणि मराठी चार ओळी खाली, छापायला एक प्रेस म्हैसूरला आणि एक नाशिकला, सीमावाद खिशातल्या खिशातच चाललाय. पण याचा धंद्यात उपयोग आहे: हंपीच्या पन्नासवर कन्नड तारखा आणि वेरूळच्या वीसवर मराठी तारखा जास्त शोभतात, गिऱ्हाईक ते बघतं.

७८६, एकसारखे आकडे वगैरे

शेवटी ७८६ येणारी नोट दर हजार नोटांत एक असते. म्हणजे प्रत्येक बंडलात एक, नक्की. तिला लाख रुपये कोण देणार? मुसलमान बांधव आणि हिंदूही पुष्कळ जण हौसेनं घेतात, ईदीला देतात, थोडं वर मिळतं, ते ठीक. ७८६७८६ मात्र दहा लाखांच्या एका प्रीफिक्समागं एकच, ती वेगळी गोष्ट. तसंच १२३४५६ एक, ११११११ ते ९९९९९९ मिळून नऊ. उलटसुलट सारखे नंबर, १२३३२१ सारखे, ते परत हजारात एक, म्हणजे साधेच धरा. कुठला नंबर किती वेळा येतो हे असं बोटावर मोजता येतं, त्यामुळं कुणी "फार दुर्मिळ" म्हणाला की आधी हा भागाकार करायचा.

स्टारवाली नोट

प्रीफिक्स आणि नंबराच्या मध्ये चांदणी असलेली नोट. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी बदली म्हणून घातलेली नोट ती. २००६ पासून रिझर्व्ह बँकेनं दहा-वीस-पन्नासपासून ही पद्धत सुरू केली, पुढं पाचशेपर्यंत आली. २०२३ च्या जुलैत कुणीतरी अफवा उठवली की स्टारवाली नोट खोटी, तेव्हा रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की ती पूर्ण कायदेशीर आहे. त्यावेळी आमच्याकडं दुकानदार घेईनात, ज्यांना कळत होतं त्यांनी तेव्हा दर्शनी किमतीत हव्या तेवढ्या गोळा केल्या.

पॅकेटात स्टार नोटा असतील तर त्याच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं, म्हणून पट्टी वाचायची सवय लावा. अशा पॅकेटात नंबर ओळीनं नसतात पण नोटा शंभरच असतात. आत्ताच्या स्टार नोटा भरपूर आहेत, सरसकट साठवू नका. ज्या गव्हर्नरच्या सहीत, ज्या सालात, ज्या इन्सेटमध्ये कमी आल्या त्यांनाच भाव, आणि ते कळायला चार संग्राहकांशी बोलावं लागतं.

इन्सेट म्हणजे नंबराच्या मागं फिकट छापलेलं इंग्रजी अक्षर. कधी असतं, कधी नसतं. छपाईचं साल नोटेच्या मागच्या बाजूला. सही गव्हर्नरची. सही, इन्सेट, साल या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्याशिवाय नोट ठेवू नका, नंतर गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं.

सही बदलायची वेळ चांगली. संजय मल्होत्रा डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर झाले आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्यांच्या सहीच्या नोटांच्या घोषणा एकेक करून आल्या, आधी पन्नासची. अशावेळी जुन्या सहीचं शेवटचं आणि नव्या सहीचं पहिलं पॅकेट शाखेत एकाच आठवड्यात सापडू शकतं, दोन्हीतली एकेक कोरी नोट जोडी म्हणून ठेवायची. एकच्या नोटेची पण एक गंमत आहे. तिच्यावर गव्हर्नरची नाही, केंद्राच्या वित्त मंत्रालयातल्या सचिवाची सही असते, कारण ती सरकार काढतं. १९९४ ला बंद झाली, २०१५ ला परत आली. शक्तिकांत दास यांची सही एकच्या नोटेवर सचिव म्हणून आणि बाकीच्यांवर गव्हर्नर म्हणून अशी दोन्हीकडं आहे, मनमोहन सिंगांचंही तसंच. अशा जोड्या हौशी माणूस घेतो, आणि एकच्या कोऱ्या नोटेला आहेराच्या पाकिटासाठी तर कायमच गिऱ्हाईक.

चुकीच्या छपाईच्या नोटांबद्दल थोडक्यात. दोन्हीकडचे नंबर वेगळे, कडेला जादा कागद, नंबरच नाही, शाई सरकलेली, अशी नोट कोऱ्या पॅकेटातनं तुमच्या हातानं निघाली तर ठेवा, आणि आजूबाजूच्या नंबरांच्या दोन नोटा पण ठेवा, तोच तिचा पुरावा. बाहेरून विकत मात्र घेऊ नका. रसायनानं नंबर पुसून, कडा कापून "एरर" बनवणारे हुशार लोक पुष्कळ आहेत.

उरलेल्या नोटांचं काय करायचं

परत त्याच काउंटरवर भरायला गेलात तर कॅशियर पुढच्या वेळी ओळख दाखवणार नाही, आणि काही बँका मोजणावळ पण लावतात. सुट्ट्याची बोंब असलेली माणसं गावात कमी आहेत का? किराणा दुकान, चहाची टपरी, भाजी मार्केट, औषधाचं दुकान, बस कंडक्टर. दहाच्या ९५ नोटा दुकानदाराला दिल्या की तो हसत मोठ्या नोटा देतो, त्या परत बँकेत. निपाणी-संकेश्वरच्या आठवडी बाजारात तर हातोहात जातात.

ठेवायचं कसं

आपली नोट कापसाच्या कागदाची असते, ओल पटकन धरते, आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं घरातल्या भिंती ओल्या असतात तिथं नोटेचं काय होणार ते बघा. पीव्हीसी नसलेले पाउच घ्या, स्वस्त चिकट प्लास्टिकमध्ये दोन वर्षांत नोट तेलकट होते. सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात बदलत जा. रबर बँड नको, स्टेपलर नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. इस्त्री करून "कोरी" केलेली नोट जाणकाराला बोट लावताच कळते, करकरीतपणा गेलेला असतो. मधली घडी पडली की कोऱ्या नोटेचा अर्धा भाव संपला असं समजा, म्हणून पाकिटात घालून घरी आणायची नाही, वहीत घालून आणायची. अख्खं पॅकेट ठेवायचं असेल तर पट्टीसकट ठेवा.

विकायचं कुठं

मोबाईलवर लोक काय भाव मागतात त्याला काही अर्थ नाही, कुणीही काहीही मागतो. झालेले सौदे बघा. मुंबई-बेंगळूरच्या ऑक्शन हाऊसच्या झालेल्या लिलावांच्या किमती बघता येतात, तिथं मोठ्या जुन्या नोटा असतात, चिंतामणराव देशमुखांच्या सहीच्या, १९७० मध्ये दीडेक महिनाच गव्हर्नर राहिलेल्या आडारकरांच्या सहीच्या गांधी शताब्दीच्या. आजोबांच्या ट्रंकेत असलं काही सापडलं तर ते तिकडं न्या. बँकेतनं परवा आणलेली दहाची नोट तिकडं नेऊ नका. परदेशी कंपनीकडनं ७० पैकी गुणांचं ग्रेडिंग करून घेण्याचा खर्चसुद्धा असल्या नोटेतनं निघत नाही.

आपला माल गावातच जातो, आणि नुसत्या नोटेत पैसा नसून फ्रेममध्ये आहे हे लक्षात घ्या. समजा नोट दहाची, फ्रेम आणि प्रिंट मिळून सव्वाशे, विकली अडीचशेला, तर शंभरच्या वर सुटले आणि गिऱ्हाईकही खूश. बेळगावच्या खडेबाजारात फ्रेम करणाऱ्याशी, बारसं-मुंजीची भेटवस्तू ठेवणाऱ्या दुकानाशी बोलून ठेवा, दुकानात एक नमुना लावा आणि खाली "तुमची तारीख सांगा" एवढंच. ऑर्डर आली की वहीत शोधायचं. नोट चिकटवायची नाही, कोपऱ्यात अडकवायची, म्हणजे उद्या काढली तरी नोट नोटच राहते. त्यावर पेननं नाव लिहून द्या म्हणणारे असतात, त्यांना नाव फ्रेमच्या कागदावर छापून द्या.

लांब पाठवायची तर साध्या लिफाफ्यात घालून पाठवू नका. कुरिअरवाले नोटा घेत नाहीत, पोस्टात विमा उतरवून पाठवा.

इथं पाय घसरतो

ट्रॅक्टरवाली पाचची नोट, ७८६, लाखो रुपये, "रिझर्व्ह बँकेची मान्यता", मग रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग एनओसीचे पैसे, असा क्रम आला की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला स्पष्ट सांगितलंय की असल्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडनं फी-कमिशन घेत नाही. विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, भरायचे नसतात, त्यामुळं "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हटलं तर तो चोर. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

घरात जुन्या हजार-पाचशेच्या, २०१६ ला रद्द झालेल्या नोटा असतील तर २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. त्याच्यावर सापडल्या तर दंड दहा हजार किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. म्हणून "जुन्या पाचशेचं अख्खं पॅकेट आहे, घेणार काय" असं कुणी विचारलं तर कितीही स्वस्तात असलं तरी हात लावू नका. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू सापडली तर ती देशाबाहेर विकायची नाही, १९७२ चा कायदा आहे.

बँकेत रोख भरताना ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की पॅन लागतं, फिरवाफिरवीत ती मर्यादा नकळत ओलांडू नका. आणि फ्रेमचं काम दर महिन्याला चालायला लागलं की तो छंद राहत नाही, धंद्याचं उत्पन्न होतं. वहीत चार रकाने आखा, नोटेचा नंबर, कुठल्या पॅकेटातली, खर्च, विक्री, आणि मार्चमध्ये ती वही सीएसमोर ठेवा.